सायलीच्या बादलीतून दमणच्या समुद्रात

लोक समुद्रावर हवा खायला जातात, पोहायला जातात. गुजरातेतून दमणला जाणारे बरेचसे दुसऱ्याच कामाला जातात आणि ते घरी सांगत नाहीत. मी मात्र बायकोला स्पष्ट सांगितलं होतं, की मी समुद्रात तोंड बुडवायला चाललोय. शोभा म्हणाली, "मग घरच्या बादलीत बुडवा की! तिथवर कशाला जायचं?" तिचं ऐकलं असतं तर माझं भाडं, एक दिवस आणि एक मिशी वाचली असती. पण मग लिहायला काही उरलं नसतं.

त्र्याण्णवच्या आसपासची गोष्ट. मी मूळचा पारोळ्याकडचा, खानदेशी माणूस. सिल्वासात आमलीला भाड्याची खोली आणि जवळच सायली गावच्या कारखान्यांत एका शेडमध्ये नोकरी. त्या काळी सायलीत कुठल्या शेडमध्ये काय बनत असेल याचा नेम नव्हता. एकीत सूत, दुसरीत छत्र्यांच्या मुठी, आणि आमच्यात पाण्याखाली बघायचे मास्क. पुढं काच, भोवती रबराची मऊ झालर, आणि श्वास घ्यायला तोंडात धरायची एक वाकडी नळी. सगळा माल परदेशी जायचा. बनवणारे आम्ही चाळीसएक जण, धुळ्याकडचे, सुरगाण्याकडचे, आणि त्यातल्या निम्म्यांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. खोक्यावर एक चित्र असायचं. केळ्यासारख्या निमुळत्या होडीत बसलेला गोरा साहेब, डोक्यावर आमचा मास्क, खाली निळंशार पाणी आणि त्यात पट्ट्यापट्ट्यांचे मासे. त्या होडीला कयाक म्हणतात असं त्याच खोक्यावर छापलं होतं. त्या चित्राकडं बघत मी रोज जेवायचो.

मी चेकर. मास्क ओल्या काचेवर दाबायचा, चिकटला की खोक्यावर माझा चार नंबरचा शिक्का हाणायचा. माझ्यापासून चार हातांवर मंजुळाताईचं टेबल. साच्यातून निघालेल्या झालरीला जादा रबराची कड राहते, ती कात्रीनं कापायचं काम तिचं आणि तिच्या हाताखालच्या चारजणींचं. सुरगाण्याची बाई, नवऱ्याचा उजवा हात दुसऱ्या एका शेडमधल्या प्रेसमध्ये सापडलेला, त्यामुळं सगळं घर तिच्या कात्रीवर चालायचं.

एक दिवस मुंबईहून माल घेणाऱ्यांचे इन्स्पेक्टरसाहेब आले. देह भरघोस, मिशीही भरघोस. माझ्या काचेकडं त्यांनी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. "काच काय पाण्यात उतरणार आहे? बादली आणा." बादली आली. साहेबांनी मास्क लावून आत तोंड घातलं आणि नाकात पाणी जाऊन असे ठसकले, की गेटवरचा वॉचमन धावत आला. मग मॅनेजरसाहेबांनी घातलं. आत पाणी. मग मी. पाणीच. अख्खा माल नापास.

दोष शोधायला वेळ लागला नाही. साच्याला द्यावा तर साचा शेठनी स्वतः आणलेला. रबराला द्यावा तर रबर शेठच्या मेहुण्याचं. उरली कात्री. "कटिंग खराब छे," मॅनेजरसाहेब म्हणाले. मंजुळाताईला सांगण्यात आलं, की पुढच्या शुक्रवारी साहेब पुन्हा येतील. त्या दिवशीही पाणी शिरलं, तर शनिवारपासून येऊ नको. तिनं कात्रीला तेल दिलं आणि पुन्हा कामाला बसली.

मला मात्र झोंबलं. तिची कड वाकडी असेल तर त्या प्रत्येक खोक्यावर माझा शिक्का होता, आणि कड सरळ असेल तर आम्ही एका बाईच्या पोटावर पाय देत होतो. आणि माझ्या डोक्यात बसलं, की बादली म्हणजे काही समुद्र नव्हे. खाऱ्या पाण्यात रबर वेगळं वागत असणार! बी.एस्सी. अर्धवट सोडलेल्या माणसाला असलं काहीतरी सुचतं. गुरुवारी आमच्या शेडची सुट्टी असायची. नापास झालेल्यांतले दोन मास्क आणि एक नळी पिशवीत घातली आणि निघालो.

जिन्यात शेजारच्या सावंतबाई भेटल्या. कोकणातल्या, सरकारी शाळेत शिक्षिका. म्हणाल्या, "समुद्रावर चाललात? तिथी बघितलीत का?"

मी जिन्यातच त्यांना पाच मिनिटं ऐकवलं. विसावं शतक संपत आलं, तुम्ही शिक्षिका, आणि तिथ्या काय बघता! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, जाऊन या."

तीस किलोमीटर, चार हद्दी

सिल्वासा ते दमण अंतर जेमतेम तीस किलोमीटर. पण तेवढ्यात चारदा हद्द ओलांडावी लागते. सिल्वासा सोडलं की थोडंसं गुजरात, मग दादरा म्हणजे पुन्हा आपलाच केंद्रशासित तुकडा, मग परत गुजरात, वापी, आणि मग दमण. गुजरातेत दारूबंदी आणि दोन्ही टोकांना ती उघड्यावर. त्यामुळं या रस्त्यावरच्या पोलिसांचा माणसापेक्षा त्याच्या पिशवीवर जास्त डोळा. खरं तर आमची दमणगंगाही सिल्वासावरून दमणलाच जाते, पण तिला कुणी अडवत नाही. आमच्याकडं खानदेशात एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग सासुरवाडी. इथं वापीच्या टेम्पोत शेजारच्या भाईनं एकच विचारलं, "कई कंपनी?" मी मास्कची म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "दवाखान्याचा?" मी हो म्हणून मोकळा झालो.

मोटी दमणला उतरून सुरूच्या झाडांतून जांपोरच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दहा वाजले होते. आणि तिथं समुद्र नव्हता.

थट्टा करत नाही. समोर नजर पोचेल तिथवर चिखल. ओला, करडा, चकचकीत, मध्येमध्ये डबकी. एक कुत्रं त्यातून निवांत चाललेलं. पार क्षितिजाशी एक पांढरी रेघ दिसत होती, तीच बहुधा माझी सहल. मी पिशवी धरून उभा राहिलो. पाव्हण्याकडं जावं आणि दाराला कुलूप असावं तसं झालं.

"काय शोधतो रे?" मागनं आवाज आला. सुरूच्या सावलीत एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. उघडा, काळा, गुळगुळीत दाढी केलेला, गळ्यात क्रूस.

"समुद्र," मी म्हटलं.

"दर्या गेला. ओहोटी हाय. आज तृतीया ना? पानी दोन-तीनला लागंल." मग माझ्या पँटकडं, पॉलिश केलेल्या बुटांकडं बघत म्हणाला, "तिथी बघून यायचं ना बाबा!"

सावंतबाईंची मनातल्या मनात माफी मागितली. तोंडी मागायला अजून धीर झालेला नाही.

लुईसकाकांची होडी

म्हाताऱ्याचं नाव लुईस. मुंबईच्या डॉकात वीस वर्षं काढलेली. गलबतांच्या तळाला साचलेलं शेवाळ आणि शिंपले पाण्यात उतरून खरवडायचं काम. तिथलंच मराठी. बापानं पोर्तुगीज बघितले, आपण डॉक बघितला आणि आता पोरगं अरबांकडं, असा त्यांनी तीन वाक्यांत घराण्याचा इतिहास सांगितला. पाच तास काढायचे होते, म्हणून मी माझी भाकरी सोडली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरच्यांचा ठेचा. लुईसकाकांच्या बायकोनं घरातून बोंबलाचं कालवण आणलं. ठेचा खाऊन काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कालवण खाऊन माझ्या. आमच्याकडं तापीचा मासा म्हणजे मासा, त्याला आकार असतो. हा बोंबील ताटात पडला की कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो तेच कळेना. पण चव! भाकरी संपली तेव्हा मी बोटं चाटत होतो, हे शोभाला सांगितलेलं नाही.

मी मास्क दाखवला आणि सगळी हकीकत सांगितली. मंजुळाताईचं ऐकून काकी म्हणाली, "बिचारी," आणि काका म्हणाले, "चल, होडकं देतो."

अडीचला पाणी आलं. येताना गाजावाजा नाही. चिखलात एक चकाकी सरकत आली आणि बघता बघता कुत्रं उभं होतं तिथं समुद्र. काकांचं होडकं एका माणसापुरतं, अरुंद, वल्हं एकच. मनात म्हटलं, हेच ते कयाक! खोक्यावरचा साहेब आठवला. त्याच्यासारखा ताठ बसलो आणि वल्हं मारलं. होडकं जागच्या जागी गोल फिरलं. दुसऱ्या बाजूनं मारलं, तर उलटं गोल. घाण्याच्या बैलाच्या फिरण्यातून निदान तेल तरी निघतं. किनाऱ्यावर काकी पदर तोंडाला लावून हसत होती, ते मला प्रत्येक फेरीला एकदा दिसायचं.

कसंबसं थोडं आत गेलो. मास्क लावला, नळी दातांत धरली, कडेवरून वाकून तोंड पाण्यात घातलं. पाणी निळं नव्हतं. टपरीवरच्या चहाच्या रंगाचं होतं, आणि दिसलंही तेवढंच, म्हणजे चहा. पट्ट्यापट्ट्यांचे मासे जगात कुठं असतील तिथं असोत. तेवढ्यात नाकाखालून थंडगार धार आत शिरली. डोळे चुरचुरले, नाकात मीठ गेलं. दुसरा मास्क लावला. तेच. म्हणजे बादली खरी, मॅनेजर खरा, आणि परवापासून मंजुळाताई घरी. तिचा तो कात्रीला तेल देणारा हात डोळ्यांपुढं आला आणि मी तिसऱ्यांदा जरा जास्तच वाकलो.

होडकं उलटलं. मी बुडालो. "वाचवा! मेलो रे बाप्पा!" असा टाहो फोडला. हातपाय झाडले, कुलदैवत आठवलं, शोभाला मनातल्या मनात निरोप दिला. लुईसकाका पाण्यातून सावकाश चालत आले. हो, चालत.

"उभा राहा," ते म्हणाले.

उभा राहिलो. पाणी कमरेला होतं.

मिशीचा प्रश्न

काकांनी माझ्या हातातला मास्क घेतला, वाफ धरू नये म्हणून आत थुंकून काच चोळली, चेहऱ्यावर चढवला आणि पाण्यात गेले. किती वेळ! मी आकडे मोजायचे सोडून घाबरायला लागलो तेव्हा वर आले. मास्क काढला. डोळ्यांभोवती कोरडं ठणठणीत. दुसरा मास्क लावला, पुन्हा गेले. पुन्हा कोरडं.

"माल एक नंबर हाय," काका म्हणाले. "त्या बाईचं कापणं बघ, रेघ मारल्यासारखं. खराब तू हाय."

"मी?"

त्यांनी माझ्या ओठाच्या वर बोट टेकवलं. "ह्या झाडूवर रबर कसं बसंल? केसाकेसातून पानी येनार. डॉकात आम्हाला पैल्या दिवशी सांगायचे, मिशी पायजे तर वर राहा, खाली जायचं तर काढ."

मी तिथंच पाण्यात उभा राहून आमची शेड डोळ्यांपुढं आणली. इन्स्पेक्टरसाहेब, मिशी. मॅनेजरसाहेब, मिशी. मी, मिशी. मशीनवरचे झाडून सगळे पुरुष, मिशा. अख्ख्या शेडमध्ये बिनमिशीचा पुरुष एकच, कॅलेंडरवरचा कृष्ण, आणि त्याला बादलीत तोंड घालायला सांगण्याची सोय नव्हती.

"काढून बघ," काका म्हणाले. "वस्तरा हाय घरात."

इथं वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडं माणूस मिशी एकदाच काढतो, बाप गेल्यावर. माझे वडील पारोळ्याकडं ठणठणीत होते, सकाळ-संध्याकाळ म्हशीचं दूध काढत होते. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची? मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "कमाल हाय! माझा बाप गेला तेव्हा मी महिनाभर दाढीला हात लावला नाय." म्हणजे त्यांच्याकडं शोक उगवतो आणि आमच्याकडं कापला जातो.

काकांच्या ओसरीवर मी आरशासमोर बसलो. "आबा, माफ करा," असं मोठ्यानं म्हटलं, मंजुळाताईचं टेबल आठवलं आणि वस्तरा चालवला. आरशात एक अनोळखी, जरा मूर्ख दिसणारा मुलगा माझ्याकडं बघत होता.

पुन्हा पाण्यात गेलो. या वेळी होडक्याच्या भानगडीत न पडता कमरेइतक्या पाण्यात ओणवा झालो. नळीतून श्वास घेतला. एक थेंब नाही! अगदी कोरड्या डोळ्यांनी मी तो चहा पाहिला. माझ्या पायाची बोटं दिसली. त्यांच्याजवळून एक इवलासा खेकडा तिरका तिरका गेला. जगातलं काय काय सुंदर बघायला लोक मास्क लावतात. मला तो खेकडा पुरला. मला रडू आलं, हे लपवत नाही, आणि मास्कच्या आत पाणी आलंच. पण त्याला कात्री जबाबदार नव्हती.

परतीचा प्रवास

दमणच्या हद्दीवर पोलिसानं पिशवी उघडली. नळी बाहेर काढली, दोन्ही टोकांनी हुंगली. "आ शुं छे? पिंपात घालून प्यायची आयडिया?" मी म्हटलं, पाण्यात श्वास घ्यायला आहे. असला बहाणा त्यानं आजवर ऐकलेला नसावा. त्यानं माझ्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. मिशीच्या जागी पांढरा पट्टा. त्याचा आवाज एकदम उतरला. "कोण गुजरी गयुं, भाई?"

मी मान खाली घातली. आबांचा पहिला मृत्यू तिथं झाला.

दुसरा आमलीत. दिवेलागणीला दार वाजवलं, शोभानं उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि "अगं बाई, मामंजी!" करून खालीच बसली. मी "अगं, आबा ठीक आहेत, मिशी मास्कसाठी काढली" असं सांगत होतो, पण शोकात माणूस काहीबाही बोलतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. पाच मिनिटांत खोली भरली. चुलीला हात लावू नका म्हणून शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली. मी खरं काय ते चारदा सांगितलं. एक म्हातारी माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "रड रे बाबा, मोकळा हो." शेवटी मी गप्प जेवलो. पिठलं झकास होतं.

कुणीतरी कनवाळूपणे गावी निरोपही धाडला. आठवड्यानं आबांचं कार्ड आलं. अक्षर त्यांचंच. "मी जित्ता शे. मिशी लवकर वाढाव."

पुन्हा बादली

शुक्रवारी सकाळी शेडमध्ये पाय ठेवला तर मॅनेजरसाहेबांनी दोन्ही हात धरले. "भास्करभाई, बापुजी... रजा घ्या." मी म्हटलं, रजा नको, बादली हवी.

इन्स्पेक्टरसाहेबांसमोर मी मास्क लावून तोंड घातलं आणि कोरडा वर आलो. मिशीचं सगळं सांगितलं. साहेबांनी स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "एकट्या तुमच्यावरून माल पास करता येणार नाही. तुम्ही काल दिवसभर सराव करून आलात. दुसरा बिनमिशीचा माणूस दाखवा."

मॅनेजरसाहेबांनी सगळ्या पुरुषांकडं पाहिलं. सगळ्यांचे हात मिशांवर गेले. एकजण म्हणाला, "साहेब, बाप हाय माझा अजून." कुणी पुढं येईना. साहेबांनी घड्याळ पाहिलं, नापासचा कागद काढला. एवढं करून सगळं पाण्यातच गेलं म्हणायचं.

तेवढ्यात कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मंजुळाताई उठली. पदर कमरेला खोचला, केस मागं घट्ट बांधले, ढिगातला हाताला येईल तो मास्क उचलला, लावला, नळी दातांत धरली आणि बादलीत तोंड घातलं. कटिंगच्या बायका मोजायला लागल्या. साठ, सत्तर, ऐंशी. नळीतून तिचा श्वास सावकाश ऐकू येत होता. शंभरला ती वर आली आणि तिनं मास्क काढला.

कपाळावरचं कुंकू जसंच्या तसं होतं. एक ओघळ नाही.

साहेबांनी कागद पुन्हा खिशात घातला. माल पास झाला. मॅनेजरसाहेब घसा खाकरून मशीनकडं निघून गेले. मंजुळाताई जागेवर बसली आणि कात्री उचलली. मी तिच्या टेबलाशी गेलो.

"ताई, तुला भीती नाही वाटली? पाणी आलं असतं तर?"

"कसं येईल?" ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत नळाखालच्या टाकीत घालून बघितला होता मी. आम्ही सगळ्याच जणींनी."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

तिनं नवा मास्क घेतला, कड कापायला सुरुवात केली आणि वर न बघता म्हणाली, "तुम्ही विचारायला समुद्रावर गेलात, भास्करभाऊ. मी इथं चार हातांवर बसते."

मी माझ्या टेबलावर परत आलो. काच पुसून कपाटात ठेवली आणि बादली उचलून तिच्या टेबलाजवळ नेऊन ठेवली.